शेजार आहे, घरोबा नाही

प्रश्न

पत्रलेखिका ९६ सदनिकांच्या एका गृहसंकुलाच्या व्यवस्थापन समितीच्या सचिव आहेत. संकुलातील सुमारे दोन तृतीयांश कुटुंबे त्यांच्याच वांशिक समुदायाची आणि पूर्वीपासून तेथे राहणारी आहेत. उरलेली गेल्या सहा वर्षांत आलेली, वेगळी मातृभाषा आणि वेगळी चेहरेपट्टी असलेल्या दुसऱ्या समुदायाची आहेत. 'माणसे एका आवारात राहिली की आपोआप मिसळतात' या विश्वासाने त्यांनी पुढाकार घेऊन तीन वर्षे स्नेहसंमेलन भरवले, पण दर वेळी सभागृहात दोन समुदाय दोन बाजूंना बसले. गेल्या वर्षी मैदानाच्या वापरावरून मुलांचे भांडण झाले, ते मिटवताना एका ज्येष्ठ समिती सदस्याच्या तोंडून 'तुमच्या लोकांना राहण्याची रीतच नाही' असे वाक्य गेले, आणि तेव्हापासून दुसऱ्या समुदायातील बहुतेक कुटुंबांनी कार्यक्रमांना येणे थांबवले. आता समितीतील काही जण म्हणतात की बांधकाम सुरू असलेल्या पाचव्या इमारतीत त्या कुटुंबांना एकत्र जागा द्यावी, म्हणजे कटकट मिटेल. पत्रलेखिकेच्या पंधरा वर्षांच्या मुलाचा जिवलग मित्र त्याच समुदायातील आहे. तो रोज खालून हाक मारतो, पण कधी घरात येत नाही. त्या विचारतात: सहवासाने माणसे जोडली जातात हे मुळातच खोटे आहे का? आणखी कार्यक्रम करावेत, की ज्याला जसे राहायचे तसे राहू द्यावे? 'आम्ही हात पुढे केला, तेच मिसळत नाहीत,' असेही त्यांनी लिहिले आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

उत्तर

तुमच्या पत्रातील एक जागा मी दोनदा वाचली. तिसऱ्या स्नेहसंमेलनात तुम्ही व्यासपीठावरून खुर्च्या मोजल्या. मधल्या वाटेच्या डावीकडे एक समुदाय, उजवीकडे दुसरा, आणि 'दुसऱ्या बाजूला' बसलेली माणसे फक्त पाच, त्यांतली तीन लहान मुले. इतक्या बारकाईने पाहणारी व्यक्ती सचिवपदी आहे, ही त्या संकुलाच्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. तरीही मला वाटते की तुम्ही मोजण्यासाठी चुकीची वस्तू निवडली. दिवसभराच्या कामाने दमलेला माणूस संध्याकाळी सभागृहात शिरतो तेव्हा तो ओळखीचा चेहरा शोधतो आणि त्याच्या शेजारी टेकतो. त्यामागे वैर असतेच असे नाही, बहुधा केवळ थकवा आणि संकोच असतो. तुमच्याच समुदायातील पहिल्या आणि चौथ्या इमारतीतील माणसे तरी एकमेकांत मिसळून बसली होती का, हे तुम्ही पाहिले नसणार, कारण ते पाहावे असे तुम्हाला वाटलेच नाही.

खुर्च्यांच्या रेघेला काहीच अर्थ नसतो असे मी म्हणत नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे कायदे रद्द झाले आणि समुद्रकिनारे सर्वांना खुले झाले, त्यानंतर जॉन डिक्सन आणि केव्हिन डरहाइम या मानसशास्त्रज्ञांनी तेथील एका किनाऱ्यावर कोण कोठे बसते याचे नकाशे काढले. कायद्याने आखलेली रेघ पुसली गेली होती, पण छत्र्या अजूनही वंशानुसारच उभ्या राहत होत्या. इतकेच नव्हे, तर कृष्णवर्णीय कुटुंबे येऊ लागली की गोरी कुटुंबे काढता पाय घेत होती. वाळू एक आणि समुद्र एक, पण संपर्क मात्र नाही. मराठीत यासाठी नेमके शब्द आहेत. शेजार असणे वेगळे, तोंडओळख असणे वेगळे आणि घरोबा असणे त्याहून वेगळे. तुम्ही सहा वर्षांच्या शेजाराकडून घरोब्याची अपेक्षा केलीत आणि मधली पायरी वर्षातून एका संध्याकाळीच चढता येईल असे मानलेत.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न, सहवासाने माणसे जोडली जातात हे खोटे आहे का, थोडा बदलून घ्यावा लागेल. ते खोटे नाही. खोटा आहे तो 'आपोआप' हा शब्द. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत तो फार भेटतो. संसार आपोआप रुळेल, सासर आपोआप आपले वाटू लागेल, नवी माणसे आपोआप मिसळतील. जिथे जिथे हे घडलेले दिसते तिथे खोलात पाहिले की कोणीतरी काहीतरी केलेले असते, आणि ज्याने ते केले त्याचे श्रेय काळाला मिळालेले असते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये हीच गोष्ट शास्त्रीय शिस्तीने मांडली. भिन्न गटांच्या संपर्काने पूर्वग्रह कमी होतो, पण त्यासाठी अनुकूल परिस्थिती लागते, असे त्यांचे म्हणणे होते. त्या प्रसंगापुरता तरी दोन्ही गटांचा दर्जा समान असावा, दोघांनाही हवे असलेले एखादे उद्दिष्ट असावे, ते गाठण्यासाठी परस्परांचे सहकार्य लागावे, आणि ज्यांचा शब्द चालतो अशा संस्थेचा किंवा नियमाचा या सगळ्याला उघड पाठिंबा असावा. हे सुचले ते निव्वळ चिंतनातून नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातील अमेरिकन सैन्याच्या काही गोऱ्या तुकड्यांत कृष्णवर्णीय सैनिकांची पथके जोडली गेली होती. १९४५ मध्ये गोऱ्या सैनिकांना अशा रचनेबद्दल विचारले, तेव्हा जेथे अशी पथके नव्हती तेथील ६२ टक्के सैनिक म्हणाले की हे आम्हाला अजिबात आवडणार नाही. ज्या तुकड्यांत ती प्रत्यक्ष लढली होती, तेथे असे म्हणणारे केवळ ७ टक्के होते. या सैनिकांसाठी कोणी स्नेहसंमेलन भरवलेले नव्हते. समोर शत्रू होता, हुकूम वरून आलेला होता आणि बाजूचा माणूस डगमगला तर आपला जीव जाणार होता.

तुमच्या परिस्थितीला याहून जवळचा दाखला १९५१ सालचा आहे. न्यूयॉर्कमधील काही सरकारी वसाहतींत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना वंश न पाहता शेजारीशेजारी घरे दिली गेली होती, तर जवळच्याच न्यूअर्क शहरात एकाच वसाहतीत दोघांच्या इमारती वेगळ्या होत्या. मॉर्टन डॉइच आणि मेरी कॉलिन्स यांनी दोन्हीकडच्या गृहिणींशी बोलून तुलना केली. एका जिन्यात राहणाऱ्यांची ये-जा अधिक होती आणि मनातली अढीही कमी होती. वेगळ्या इमारतींत राहणाऱ्यांत, आवार एकच असूनही, तसे झाले नव्हते. पाचव्या इमारतीच्या प्रस्तावाकडे मी पुढे येणार आहे, पण सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी तो प्रस्ताव एका शहराने अमलात आणून पाहिला होता, एवढे येथेच नोंदवून ठेवतो.

आता तुमचे स्नेहसंमेलन त्या चार अटींवर घासून पाहा. सभागृह सर्वांचे, पण कार्यक्रम ठरवणारी समिती बहुतांशी एका समुदायाची. सूत्रसंचालन एका भाषेत. एक गट यजमान आणि दुसरा निमंत्रित, म्हणजे दर्जा समान नाही. पाहुण्याला कितीही आदराने बसवले तरी तो पाहुणाच. त्या संध्याकाळी कोणालाही कोणाची गरज पडत नाही, म्हणून समान उद्दिष्ट नाही आणि सहकार्यही नाही. उरली समितीची मान्यता. तीही मैदानावरच्या त्या एका वाक्याने डळमळीत झाली. तुमची मेहनत वाया गेली असे मला म्हणायचे नाही. ती चुकीच्या जागी पेरली गेली.

केवळ एकत्र आणल्याने काय होते, याचे एक चित्र मला विसरता येत नाही. १९५४ च्या उन्हाळ्यात मुझफर शरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओक्लाहोमातील एका शिबिरात साधारण अकरा वर्षांची २२ मुले दोन गटांत विभागली, त्यांच्यात चुरशीच्या स्पर्धा लावल्या आणि काही दिवसांतच दोन्ही गट एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत पोहोचले. मग त्यांना एकत्र जेवायला बसवले, एकत्र चित्रपट दाखवले. परिणाम उलटाच झाला. शिवीगाळ वाढली आणि पंगतीत अन्न एकमेकांवर फेकले गेले. फरक पडू लागला तो शिबिराचे पाणी बंद पडले तेव्हा, आणि सामान आणणारा ट्रक सुरू होईना तेव्हा. रस्सीखेचीत ज्या दोराने ती मुले एकमेकांना ओढत होती, तोच दोर ट्रकला बांधून सगळ्यांनी मिळून तो ओढला. असे एकदा करून भागले नाही. अशी कामे एकामागून एक आली, तेव्हा कोठे शेवटच्या दिवशी मुलांनी एकाच बसने परत जायचे ठरवले. हा प्रयोग जपून वापरावा लागतो, कारण ती सगळी मुले एकाच प्रकारच्या घरांतली होती, त्यांच्यात जुना इतिहास नव्हता आणि एक गट दुसऱ्यापेक्षा दुबळा नव्हता. तुमच्याकडे या तिन्ही बाबतींत स्थिती उलट आहे. पण पंगत आणि दोर यांतला फरक तेथेही लागू पडतो.

'मग सहा वर्षांत काहीच झाले नाही का?' असे तुम्ही विचाराल. बरेच झाले असणार. रायन एनोस यांनी बॉस्टनजवळच्या, जवळजवळ सगळे प्रवासी गोरे असलेल्या उपनगरी रेल्वे स्थानकांवर रोज ठरलेल्या वेळी स्पॅनिश बोलणाऱ्या दोन-दोन तरुणांना उभे केले आणि प्रवाशांची मते आधी आणि नंतर विचारली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अस्वस्थ करणारे होते. कोणी कोणाशी वाईट वागले नव्हते, तरी केवळ त्या दर्शनाने स्थलांतरितांबद्दलची मते कठोर झाली. मात्र तीन दिवसांनी दिसलेला हा कडवटपणा दहा दिवसांनी थोडा उतरला होता, आणि त्या तरुणांनी सांगितले की लोक आता हसून मान हलवू लागले आहेत. म्हणजे नुसत्या शेजाराने आधी धास्ती वाढते, मग ती हळूहळू ओसरते आणि तोंडओळखीपाशी येऊन थांबते. तुमचे संकुल तेथे थांबलेले आहे.

एकूण पुरावा आशादायक आहे. टॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ३८ देशांतील ५१५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा बहुसंख्य अभ्यासांत संपर्क अधिक तेथे पूर्वग्रह कमी असे आढळले. चारही अटी पूर्ण नसतानाही काही ना काही फायदा दिसला. पण त्याच दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी बहुसंख्य समुदायातील सद्हेतू बाळगणाऱ्या माणसांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. हा फायदा अल्पसंख्य गटाच्या बाजूने पाहिला तर पुष्कळ कमी भरतो. कारण उघड आहे. तुमच्यासाठी ती संध्याकाळ ओळख वाढवण्याची संधी असते; त्यांच्यासाठी ती आपल्याबद्दल काय बोलले जाईल याची परीक्षा असू शकते. शिवाय शंभर साध्या भेटींपेक्षा एक अपमानाची भेट मनात अधिक काळ राहते, आणि एकाने केलेला अपमान त्याच्या साऱ्या समुदायाच्या खात्यावर जमा होतो.

म्हणून, सर्वांत आधी ते वाक्य. पत्रात तुम्ही ते 'रागाच्या भरात निघालेले' म्हणून ओलांडून पुढे गेलात; ज्यांना ते ऐकावे लागले ते पुढे गेलेले नाहीत. बोलणारा कोणी सामान्य रहिवासी नव्हता, समितीचा सदस्य होता, आणि नंतर समितीने मौन पाळले. ऑलपोर्ट यांनी सांगितलेला संस्थेचा पाठिंबा आहे की नाही, हे अशाच वेळी दिसते. येत्या सभेत तो विषय कार्यसूचीवर घ्या; ते वाक्य समितीचे मत नाही आणि समितीला त्याचा खेद आहे, असा ठराव इतिवृत्तात नोंदवा आणि तो दोन्ही भाषांत सूचना फलकावर लावा. संबंधित ज्येष्ठांनी स्वतः माफी मागितली तर उत्तम, पण त्यांच्या मनधरणीत सहा महिने घालवू नका. व्यक्तीची माफी तिच्या इच्छेवर असते; समितीचा ठराव तुमच्या हातात आहे. 'उगाच जुने उकरून काढायचे' असे कोणी म्हणेल. ते जुने झाले आहे ते फक्त आपल्यासाठी, ऐकणाऱ्यांसाठी नाही, हे त्यांना शांतपणे सांगावे.

'तेच मिसळत नाहीत' या वाक्याकडे आता वळतो, आणि येथे मी थोडा स्पष्ट बोलणार आहे. मिसळणे म्हणजे तुम्हाला काय अपेक्षित आहे? जॉन बेरी या मानसशास्त्रज्ञांनी स्थलांतरितांच्या अनुभवाचा अभ्यास करताना एक उपयुक्त भेद केला. आपली ओळख सोडून मोठ्या गटात विरघळून जाणे वेगळे, आणि आपली ओळख राखून मोठ्या समाजात पूर्ण वाटेकरी होणे वेगळे. एकात्मता हा शब्द दुसऱ्यासाठी आहे, पण आपण पुष्कळदा तो पहिल्यासाठी वापरतो. त्यांनी तुमच्या सभागृहात यावे, तुमच्या भाषेत बोलावे, तुमच्या विनोदांना हसावे आणि मग तुम्ही म्हणावे की आता मिसळले, ही पहिली गोष्ट झाली. दुसरीची मोजणी खुर्च्यांनी होत नाही. ती करायची असेल तर वेगळे प्रश्न विचारा. समितीवर एक तृतीयांश रहिवाशांचे किती प्रतिनिधी आहेत? (पत्रात तुम्ही हा आकडा दिलेला नाही, खुर्च्यांचा मात्र दिला आहे.) सूचना किती भाषांत निघतात? तक्रार नोंदवलेल्या कुटुंबाला उत्तर किती दिवसांत मिळते, आणि दोन्ही समुदायांना सारख्याच दिवसांत मिळते का? बाहेरगावी जाताना घराची किल्ली कोण कोणाकडे ठेवते?

दर्जाची विषमता तशीच ठेवून केलेली गोडीगुलाबी तर कधी कधी अपायकारक ठरते. तमार सागाय आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाच्या हाती गुण वाटण्याचा अधिकार होता आणि दुसऱ्याच्या हाती नव्हता. वाटपापूर्वी दोन्ही गटांना फक्त आपल्यातील साम्यांवर गप्पा मारायला सांगितले, तेव्हा दुबळ्या गटाची अपेक्षा वाढली की आता वाटप न्याय्य होईल. अधिकार असलेल्या गटाने मात्र पूर्वीसारखेच आपल्या बाजूने वाटप केले. 'आपण सगळे एकच' हे वाक्य व्यासपीठावरून छान वाटते. मैदान मिळण्याच्या वेळा बदलल्या नाहीत तर ते ऐकणाऱ्याला फसवणुकीसारखे वाटू लागते, आणि मग माणसे पुढच्या वर्षी येत नाहीत.

पाचव्या इमारतीचा प्रस्ताव मात्र नाकारा, आणि तो भावनेने नव्हे तर कारणे देऊन नाकारा. सुचवणारे वाईट आहेत असे मला वाटत नाही. त्यांना शांतता हवी आहे. पण एकदा वेगळे बसवले की त्या वेगळेपणाला स्वतःची गती येते. अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये चौकटीच्या पटावर दोन प्रकारचे मोहरे मांडून दाखवले की प्रत्येकाला केवळ 'माझ्या आसपास थोडेतरी माझ्यासारखे असावेत' इतकीच माफक इच्छा असली, तरी हलता हलता शेवटी पट जवळजवळ पूर्ण दुभंगतो, कोणालाही तसे नको असताना. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टमध्ये १९६९ पासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन समुदायांच्या वस्त्यांमध्ये भिंती उभ्या राहिल्या, त्याही तात्पुरत्या म्हणून. १९९८ च्या शांतता करारानंतर इतकी वर्षे लोटली तरी त्यांतल्या अनेक अजून उभ्या आहेत, कारण भिंतीची सवय झालेल्या माणसाला ती पाडण्याचीच भीती वाटते.

याच्या दुसऱ्या टोकाला सिंगापूर आहे. तेथे १९८९ पासून सरकारी गृहयोजनांतील प्रत्येक इमारतीत आणि प्रत्येक वस्तीत कोणत्या वांशिक गटाची किती घरे असू शकतात यावर मर्यादा आहे, त्यामुळे एका गटाची इमारत तयारच होऊ शकत नाही. त्याची किंमतही आहे. मर्यादा भरलेल्या इमारतीत घर विकू पाहणाऱ्या अल्पसंख्य कुटुंबाला ग्राहक कमी मिळतात आणि भाव पडतो. अशा अडचणीतली काही घरे २०२२ पासून सरकारने स्वतः परत विकत घेण्याची सोय केली. एवढी सक्ती तुमच्या समितीच्या अधिकारात नाही आणि ती असावी असे मला वाटतही नाही. पण पाचव्या इमारतीतील घरे अर्जांच्या क्रमाने किंवा सोडतीने द्यावीत, समुदाय पाहून नव्हे, इतका नियम करणे तुमच्या हातात आहे. एखाद्या कुटुंबाने आपल्या नातलगांच्या शेजारी घर मागितले तर त्यात वावगे काही नाही. ते त्यांनी मागणे आणि तुम्ही त्यांना तेथे नेऊन ठेवणे यांत फरक आहे.

मग करायचे काय? एक वर्ष स्नेहसंमेलन भरवू नका. त्याऐवजी असे एखादे काम निवडा ज्याची दोन्ही समुदायांना खरोखर गरज आहे, जे एकट्याने होणार नाही आणि जे एका दिवसात संपणार नाही. शोधण्यासाठी दूर जायला नको. ज्यावरून भांडण झाले ते मैदानच घ्या. मैदान कोणाला कोणत्या वेळी मिळेल, दिवे किती वाजता बंद होतील, लहान मुलांसाठी कोणता कोपरा राखायचा, मोडलेले कुंपण कोण दुरुस्त करून घेईल, या सगळ्यासाठी सहा जणांची उपसमिती नेमा. तीन जण इकडचे आणि तीन तिकडचे, दोन निमंत्रक, आणि खर्चाच्या मंजुरीवर दोघांच्याही सह्या आवश्यक. लोकसंख्येच्या प्रमाणात चार आणि दोन नेमावेत असा आग्रह धरला जाईल. तो मानू नका, कारण चारांपुढे दोघे बसले की ते पुन्हा पाहुणे होतात. उपसमितीच्या निर्णयाला व्यवस्थापन समितीने ऐनवेळी फिरवायचे नाही, हेही आधीच ठरवून घ्या.

कामाची वाटणी करतानाही एक काळजी घ्या. १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथील शाळांत वंशभेद नुकताच मोडला होता आणि वर्गांत तणाव होता, तेव्हा एलियट ॲरन्सन यांनी धडा तुकड्यांत वाटण्याची पद्धत काढली. गटातील प्रत्येक मुलाला धड्याचा एकच तुकडा मिळायचा आणि पूर्ण धडा समजायचा असेल तर बाकीच्यांचे ऐकणे भाग पडायचे. तुमच्याकडेही हिशेब एकाकडे, कंत्राटदाराशी बोलणी दुसऱ्याकडे आणि किल्ल्या तिसऱ्याकडे असू द्या. नव्या समुदायातील माणसांना खुर्च्या लावण्याचे काम आणि जुन्यांना निर्णयाचे, अशी वाटणी झाली की काम एकत्र होऊनही अढी घट्टच होते. मुलांचे खेळ ठेवाल तर संघ मिश्र करा. एका समुदायाचा संघ दुसऱ्याविरुद्ध उतरवणे ही मी पाहिलेली सर्वांत वाईट 'मैत्रीपूर्ण' कल्पना आहे.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. इराकमध्ये इस्लामिक स्टेटच्या अत्याचारांनी विस्थापित झालेल्या ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल संघांपैकी काहींत सलमा मूसा यांनी मुस्लिम खेळाडू समाविष्ट केले, आणि २०२० मध्ये त्याचे परिणाम प्रसिद्ध झाले. मिश्र संघांतील खेळाडू पुढच्या हंगामात पुन्हा मिश्र संघात खेळायला तयार झाले, सहा महिन्यांनंतरही मुस्लिम खेळाडूंबरोबर सराव करत होते. पण मैदानाबाहेर, अनोळखी मुस्लिमांमध्ये जाऊन वावरण्याची त्यांची तयारी फारशी वाढली नव्हती. मैदानावर जुळलेले मैदानापुरते राहू शकते. तेवढेही पुरेसे मौल्यवान आहे. आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातील सहा शहरांतील हिंदू-मुस्लिम संबंधांचा जो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला, तो वांशिक नव्हे तर धार्मिक गटांविषयी असला तरी येथे उपयोगी आहे. कोळिकोड आणि अलीगढ या शहरांत मुस्लिमांचे प्रमाण जवळपास सारखे. तरी पहिल्यात शांतता टिकत होती आणि दुसऱ्यात दंगली होत होत्या. त्यांना फरक दिसला तो मुख्यतः संघटनांत. कोळिकोडमध्ये व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचक मंडळे अशा ठिकाणी दोन्ही समाजांची माणसे एकत्र बसून काम करत होती. रोजचे नमस्कार आणि विचारपूस यांनीही मदत होतेच, पण अफवा पसरते आणि कोणी मुद्दाम आग लावू पाहते, तेव्हा शहरांत नुसता शेजार अपुरा पडतो. त्या रात्री फोन कोणाला करायचा हे आधीपासून ठाऊक असावे लागते. तुमच्या सहा जणांच्या उपसमितीचे मोल एखाद्या वाईट रात्री कळेल.

ज्यांना यात पडायचेच नाही, अशी कुटुंबे दोन्ही बाजूंना असतील. त्यांना सोडून द्या. घरोबा न करण्याचाही माणसाला अधिकार आहे. वेळेवर वर्गणी भरणारा, नियम पाळणारा आणि मान हलवून पुढे जाणारा शेजारी हा अपुरा शेजारी नव्हे.

शेवटी तुमचा मुलगा. त्याच्याबाबतीत काही करावे लागेल असे मला वाटत नाही, उलट त्याच्याकडून काही मिळण्यासारखे आहे. आपल्या गटातील एखाद्याची दुसऱ्या गटातील कोणाशी घट्ट मैत्री आहे एवढे नुसते ठाऊक असले तरी बाकीच्यांची अढी सैलावते, असे स्टीफन राइट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले. तुमच्या जिन्यातील सगळ्यांना रोज संध्याकाळी ती हाक ऐकू येते. तिने आपले काम केलेलेच असणार. तो मित्र घरात का येत नाही याचा तर्क करत बसण्यापेक्षा मुलाला साधे विचारा की तू त्यांच्या घरी जातोस का. माझा अंदाज आहे की जातो. तसे असेल तर त्या घराने तुमच्या समितीच्या आधीच दार उघडे ठेवले आहे, आणि पुढचे जाणे तुमचे आहे. त्या मुलाच्या आईला किंवा वडिलांना स्नेहसंमेलनाचे नव्हे, मैदानाच्या उपसमितीचे निमंत्रण घेऊन भेटा. जाताना वेळापत्रकाचा तयार मसुदा नेऊ नका, कोरा कागद न्या. ते वाक्य त्यांनी ऐकले होते का हेही विचारा, आणि ते बोलू लागले तर मध्ये खुलासा करू नका. 'विचार करून सांगतो' असे उत्तर आले तर आठ दिवस थांबा आणि पुन्हा एकदा जा.